खांबेट्यांच्या घरातलं हृदय

पुण्याच्या कर्वेनगरमधल्या एका चार मजली, बिनलिफ्टच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर खांबेटे राहत. घरात माणसं दोन आणि हृदय एक. शरीरशास्त्राप्रमाणे दोन असणार, हे उघडच आहे. पण त्या घरात ज्याला हृदय म्हणत ते एकच होतं, आणि ते श्यामसुंदर खांबेट्यांचं होतं.

ते त्यांना लाभलं नव्वद साली. वीज मंडळात हेडक्लार्क असताना एका साहेबांच्या निरोपसमारंभात त्यांनी बटाटेवड्यांवर आणि श्रीखंडावर जरा जास्तच प्रेम दाखवलं, आणि घरी येता येता छातीत कळ आली. दवाखान्यात दोन दिवस ठेवून घेतलं. सोडताना तिथले वयस्कर डॉक्टर म्हणाले, "बहुतेक पित्तच होतं. कार्डिओग्राम तसा ठीक आहे. तरीपण जपा." या तीन वाक्यांपैकी श्यामसुंदररावांनी फक्त शेवटचं घरी आणलं.

त्या दिवसापासून जपणं सुरू झालं. जपून घेण्याचं काम श्यामसुंदररावांनी केलं आणि जपण्याचं सरोजिनीबाईंनी. श्यामसुंदररावांच्या भाजीला नावाला तेल, मिठाला तर पानात डाव्या बाजूलाही जागा नाही. वाईट बातमीचा फोन आधी बाईंनी घ्यायचा, ती बातमी निवळू द्यायची आणि मग चहाबरोबर थोडी थोडी द्यायची. गॅसचा सिलिंडर दारातून ओट्यापर्यंत बाईंनी ढकलायचा. गव्हाचं पोतं, गाद्या उन्हात घालणं, गच्चीवरच्या टाकीचा अडकलेला व्हॉल्व्ह, सगळं त्यांच्याकडे. श्यामसुंदरराव दारात उभे राहून "सावकाश हं" म्हणत. तेही हळू आवाजात, कारण जोरात बोलल्याने रक्तदाब वाढतो.

सरोजिनीबाईंना याचं काही वाटत नसे. त्या मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. तरुणपणी खो-खोत त्यांनी नाव कमावलेलं. निवृत्त होऊन सहा-सात वर्षं झाली तरी चालताना खांदे मागे आणि हनुवटी वर. हाक मारली की समोरचा माणूस आपोआप सावधान व्हायचा. अशा बाईला काही होईल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. बाईंच्या तर मुळीच नाही.

श्यामसुंदररावांनी मात्र आपल्या पदाचा अभ्यास मनापासून केला होता. वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्या, रुग्णालयांची मोफत व्याख्यानं, काही म्हणून सोडलं नाही. संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर बसले की ते सांगत, "हृदय म्हणजे शेवटी एक स्नायू. साऱ्या शरीराला रक्त पुरवतो, पण त्याला स्वतःलाही रक्त लागतंच ना? ते कमी पडलं की तो कळवळतो. बराच वेळ कमी पडलं की त्याचा तेवढा भाग मरतो, आणि मेलेला भाग पुन्हा उगवत नाही. म्हणून वेळ महत्त्वाची." ऐकणारे मान डोलावत, कारण पुढचं सगळं त्यांना पाठ होतं.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक चपटी स्टीलची डबी असे. तिच्यात चावून खायची अॅस्पिरिनची गोळी आणि जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट. मुदत संपायच्या आत ते दोन्ही गोळ्या बदलत. कोपऱ्यावरचा औषध दुकानदार संभाजी एकदा न राहवून म्हणाला, "काका, दर खेपेला नव्या नेता. जुन्या कधी खाल्ल्यात?"

"त्या खाण्यासाठी नसतात," श्यामसुंदरराव म्हणाले. "असण्यासाठी असतात."

दोन हजार चारच्या दिवाळीनंतर बाईंचा जबडा दुखायला लागला. डावीकडचा, खालचा. आधी त्यांनी लवंग धरली, मग मिठाच्या गुळण्या केल्या. शेवटी एक दिवस म्हणाल्या, "उल्काकडून दाढ काढूनच येते." उल्का म्हणजे तळमजल्यावर दवाखाना असलेली दातांची डॉक्टर. याच सोसायटीत लहानाची मोठी झालेली आणि बाईंच्या शिट्टीवर धावलेली. श्यामसुंदररावही बरोबर गेले. हिरड्या सुजल्या तर त्याचा परिणाम हृदयावर होतो असं त्यांनी वाचलं होतं, तेव्हा आपल्याही हिरड्या दाखवाव्यात हा हेतू. ते पडद्याबाहेर बाकावर बसले. आतलं सगळं ऐकू येत होतं.

उल्काने एकेक दात ठोकून पाहिला. "काकू, दाढ चांगली आहे. चावताना दुखतं?"

"नाही."

"गार पाणी प्यायल्यावर?"

"नाही."

"मग दुखतं तरी कधी?"

"दुसऱ्या मजल्यावर."

उल्का हसली. मग हसायची थांबली. "म्हणजे कसं?"

"भाजी घेऊन वर चढताना. दुसऱ्या मजल्याशी आलं की सुरू होतं. तिथे कुंड्या आहेत ना, त्यांची वाळकी पानं काढत उभी राहते जरा. मग थांबतं. पुढचा जिना नीट चढते."

"आणि दम लागतो?"

"लागतो थोडा. वय झालं आता."

उल्काने हातातली अवजारं खाली ठेवली. "काकू, ही दाढ मी काढणार नाही. चढताना दुखतं आणि थांबलं की जातं, ते दाताचं दुखणं नव्हे. कार्डिओग्राम काढून घ्या. आजच. मी चिठ्ठी देते."

सरोजिनीबाई खुर्चीतून उठत म्हणाल्या, "अगं, काहीतरीच काय! आमच्याकडे हृदय ह्यांचं आहे."

पडद्याबाहेर श्यामसुंदररावांना हे वाक्य फार योग्य वाटलं. इतक्या वर्षांचा अभ्यास त्यांचा. हृदयाची कळ छातीत येते, डाव्या हातात उतरते, हे त्यांना ठाऊक होतं. जबडा हा जबडा. बाहेर आल्यावर ते पत्नीला म्हणाले, "हुशार आहे पोरगी, पण दातांच्या डॉक्टरने दातांपुरतं बघावं." स्वतःच्या हिरड्या दाखवायच्या राहूनच गेल्या. उल्काची चिठ्ठी बाईंनी पर्समध्ये ठेवली, आणि रिक्षाच्या सुट्या पैशांखाली ती तिथेच राहिली.

त्यानंतर कुंड्यांची वाळकी पानं लवकरच संपली. बाई मग हिरवीही काढू लागल्या.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी सोसायटीचा पंप बिघडला. खाली टाकीला नळ होता. ज्याने त्याने बादल्या भरून न्यायच्या. खांबेट्यांकडे कुणी न्यायच्या याबद्दल चर्चेचा प्रश्नच नव्हता. पहिली बादली बाईंनी वर आणली. दुसरी आणायला गेल्या त्या आल्याच नाहीत.

श्यामसुंदरराव चहाची वाट पाहत होते. चहाला उशीर ही गोष्ट त्या घरात घडत नसे, म्हणून ते जिन्यात डोकावले. खालच्या वळणावर, कुंड्यांशेजारी पायरीवर सरोजिनीबाई बसल्या होत्या. बादली कलंडलेली, पाणी पायऱ्यांवरून खाली चाललेलं, आणि बाई त्याच्याकडे बघत होत्या, पण पुसायला उठत नव्हत्या. बाईंनी सांडलेलं पाणी तसंच राहू दिलं, असं आजवर कधी झालं नव्हतं.

श्यामसुंदरराव भराभरा उतरले. "काय झालं?"

"काही नाही. पित्त आहे. मळमळतंय. बसते जरा."

बाईंचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्या कडाक्याच्या थंडीत कपाळावरून, मानेवरून घाम निथळत होता. डावा हात जबड्यावर होता. श्यामसुंदररावांनी हे चित्र हजारदा मनात पाहिलं होतं. फक्त त्यात पायरीवर बसलेला माणूस नेहमी ते स्वतः असत. मग अंगात इतकी वर्षं मुरलेलं सगळं आपोआप हातात उतरलं.

त्यांनी डबी काढली. "ही चाव."

"तुमची गोळी आहे ती."

"चाव म्हणतो ना!"

बाईंनी चमकून पाहिलं. या आवाजात नवरा बोलतो हे त्या विसरूनच गेल्या होत्या. त्यांनी गोळी चावली. दुसरी श्यामसुंदररावांनी जिभेखाली ठेवायला लावली, त्यांना भिंतीला टेकवून बसवलं, आणि उभं राहून ते जिन्याच्या पोकळीत ओरडले, "बजरंग! गाडी काढ! अरे बजरंग!"

बजरंग पहिल्या मजल्यावर राहायचा. मूळचा मांजरी गावचा. उसाचं रान विकून आलेल्या पैशात त्याने इथे फ्लॅट आणि एक सुमो घेतली होती. खांबेटेकाका ओरडू शकतात हे सोसायटीत कुणालाच माहीत नसल्याने सगळी दारं एकदम उघडली. बजरंग बनियनवरच धावत आला.

"काय झालं काका? छातीत कळ हाय का?"

"मला नाही. हिला."

बजरंगने बाईंकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. "काकू, उठू नका. एक पाऊलबी टाकायचं नाही. खुर्ची आणा रं कोणीतरी!"

खुर्ची आली. बाईंना तीत बसवलं. चौघांनी धरायचं ठरलं, आणि बजरंग चौथा माणूस शोधत इकडेतिकडे बघतोय तोवर श्यामसुंदररावांनी खुर्चीचा पाय धरलाही होता. ज्यांनी चौदा-पंधरा वर्षांत भरलेली बादली उचलली नव्हती, त्यांनी बायकोला दोन मजले उतरवलं. बाई वरून सूचना देत होत्या. "वळणावर जपून. अहो, तुम्ही सोडा. तुम्हाला चालायचं नाही. गॅस बंद केला का?"

"केला," श्यामसुंदरराव म्हणाले. खरं तर गॅस लावलाच नव्हता, पण ते सांगण्याइतका श्वास उरला नव्हता.

रुग्णालयाच्या दारात मात्र एक घोटाळा झाला. सुमोतून आधी श्यामसुंदरराव उतरले. घामाघूम, धापा टाकत, केस विस्कटलेले, हात छातीवर. तिथल्या वॉर्डबॉयने अशी माणसं रोज पाहिलेली. त्याने एक शब्द न विचारता त्यांना व्हीलचेअरमध्ये बसवलं आणि आत नेलं. नर्सने सदऱ्याची बटणं सोडली. कार्डिओग्रामच्या तारा आल्या. श्यामसुंदरराव हातपाय झाडत होते, आणि ते जितके झाडत तितकं त्यांना जास्त घट्ट धरलं जात होतं.

"सोडा! पेशंट मी नाही! मला काहीही झालेलं नाही! मी ठणठणीत आहे!"

हे वाक्य त्यांच्या तोंडून नव्वद सालापासून कुणी ऐकलं नव्हतं. तेवढ्यात बजरंगने बाईंना स्ट्रेचरवरून आत आणलं, बाईंनी हात वर करून "मी, मी आहे" असं हजेरी दिल्यासारखं सांगितलं, आणि तारा जिथे लागायच्या तिथे लागल्या.

पुढचं सगळं फार झपाट्याने झालं. हृदयाची एक रक्तवाहिनी पूर्ण बंद होती. अँजिओप्लास्टी करायची, सही करा. श्यामसुंदररावांनी सही केली आणि बंद दारासमोर बसले. अँजिओप्लास्टी म्हणजे काय, तार कुठून घालतात, फुगा कसा फुगवतात, हे त्यांनी बाकावर बसून किती जणांना समजावून सांगितलं होतं. आता शेजारी बसलेल्या बजरंगने विचारलं, "काका, आत काय करत्यात?" तर त्यांना एक शब्द सांगता येईना. बजरंगने चहा आणून दिला. त्यात साखर जास्त होती. ते तो निमूटपणे प्यायले.

डॉक्टर बाहेर आले. पस्तिशीचे, पायात रबरी चपला, चेहरा दमलेला. "वाहिनी उघडली. वेळेत आणलंत आणि गोळी दिलीत, फार बरं केलंत. स्नायूचं नुकसान झालंय थोडं, पण जितकं होईल असं मला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच कमी आहे. आधी कधी त्रास होत होता का?"

"जबडा दुखायचा," श्यामसुंदरराव म्हणाले. "चढताना. महिनाभर."

"तेच. ते हृदयाचंच दुखणं होतं. बायकांमध्ये पुष्कळदा छातीत काही होतच नाही. जबडा, पाठ, मळमळ, असं आडून येतं." डॉक्टर बाकावर टेकले. "गंमत आहे बघा. हृदयाला असं अधूनमधून थोडा वेळ रक्त कमी पडलं आणि पुन्हा मिळालं, की कधी कधी ते कमी रक्तात तग धरायला शिकतं. मग मोठा झटका आला तरी थोडा जास्त वेळ टिकतं. यांच्या बाबतीत तसं झालं असेलही. जिना चढताना तालीम झाली म्हणा."

"म्हणजे दुखत होतं ते चांगलंच झालं?" श्यामसुंदररावांनी फार आशेने विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "नाही. दुखत होतं तेव्हा आणलं असतंत तर आजचा दिवस आलाच नसता."

तळमजल्यावरचा तो पडदा श्यामसुंदररावांच्या डोळ्यांसमोरून हलेना.

एकंदर धावपळ पाहून डॉक्टरांनी त्यांचीही तपासणी सुचवली. फिरत्या पट्ट्यावर चालवलं, हृदयाची सोनोग्राफी केली. अहवाल हातात देताना डॉक्टर म्हणाले, "काका, अभिनंदन. तुमचं हृदय पन्नाशीच्या माणसासारखं आहे. आजवर कधी काही झालं असेल असं वाटत नाही."

"नव्वद साली झालं होतं," श्यामसुंदरराव क्षीणपणे म्हणाले.

"पित्त असेल."

इतकी वर्षं भूषवलेलं पद असं दोन शब्दांत गेलं. आनंद व्हायला हवा होता, आणि तो झालाही. पण त्यांनी तो अहवाल दोनदा उलटून पाहिला, मागे काही लिहिलंय का म्हणून.

सरोजिनीबाई घरी आल्या, आणि घरातलं हृदय बदललं. आता तेल नावाला, मीठ जवळजवळ नाही, ते बाईंसाठी. बाईंनी पहिल्याच दिवशी दोडक्याची भाजी तोंडात घातली आणि चमचा खाली ठेवला. "इतकी वर्षं तुम्ही हे खात होता?"

"तूच करत होतीस."

"मी करत होते. खात नव्हते. तुमचं वाढून झालं की माझ्या भाजीला वरून फोडणी घालत होते."

श्यामसुंदरराव थक्क झाले. फोडणीचा वास रोज यायचा, पण तो शेजारून येतो अशी त्यांची समजूत होती.

स्वयंपाक ते शिकले. वाईट शिकले, पण शिकले. सिलिंडर ढकलताना पहिल्यांदा त्यांचं बोट चेमटलं, आणि बाई दारात उभ्या राहून "सावकाश हं" म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जे होतं त्याला पुण्यात सहानुभूती म्हणत नाहीत.

पेशंट म्हणून बाई अगदीच कामातून गेलेल्या होत्या. विश्रांती घ्या म्हटलं की खिडक्या पुसत. गोळी दिली की "ठेवा तिथे" म्हणत. "कसं वाटतंय?" असं कुणी विचारलं तर त्यांना राग येई. श्यामसुंदररावांना हे अजिबात कळेना. हा प्रश्न विचारला जावा म्हणून तर माणूस आजारी पडतो, असा त्यांचा अनुभव होता.

एका दुपारी उल्का भेटायला आली. बाईंशी गप्पा मारून निघाली तेव्हा श्यामसुंदरराव तिच्यामागून दारापर्यंत गेले. "उल्का, त्या दिवशी मी बाहेरच बसलो होतो. ऐकत होतो सगळं."

"माहीत आहे काका. पडद्याखालून तुमच्या चपला दिसत होत्या."

"मी तिला न्यायला हवं होतं."

उल्काने तोंडदेखलंसुद्धा "जाऊ द्या" म्हटलं नाही. "हो, न्यायला हवं होतं," ती म्हणाली. मग चपला सरकवत म्हणाली, "आणि काका, तुमच्या हिरड्या दाखवायच्या राहिल्यात. उद्या या."

ती गेल्यावर ते आत आले. बाई पलंगावर टेकून होत्या. दार उघडंच होतं, तेव्हा त्यांनीही ऐकलेलं.

"तुला इतकं दुखत होतं तर मला का सांगितलं नाहीस?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं की. तुमच्यासमोर उल्काला."

"म्हणजे मी ऐकलं नाही."

"ऐकलंत. तुम्हाला पटलं नाही." बाईंनी उशी सारखी केली. "मला तरी कुठे पटलं होतं? आपण दोघांनी मिळून तुमच्या हृदयाची इतकी काळजी घेतली, की दुसरं एक असेल हे लक्षातच राहिलं नाही. बसा आता. उभं राहून पाय दुखतील."

ते बसले. मग बाई म्हणाल्या, "दोडका पुन्हा करू नका," आणि ते "बरं" म्हणाले.

महिन्याभराने डॉक्टरांनी चालायला सांगितलं. सकाळी दोघं कालव्याकडेच्या रस्त्याने जाऊ लागले. सुरुवातीला बाईंना धीमं चालणं अपमानास्पद वाटे. त्या पुढे सटकू लागल्या की श्यामसुंदरराव मागून ओरडत, कारण आता ओरडायला त्यांना काही मनाई नव्हती. उन्हाळा आला तोवर बाई नेमाने, न थांबता, न दुखता चालू लागल्या. धाप लागे ती श्यामसुंदररावांना, आणि ती निव्वळ सवय नसल्याची धाप आहे हे त्यांना स्वतःशी मान्य करावं लागलं.

वर्ष झालं तेव्हा रुग्णालयाने पेशंटांचा आणि नातेवाइकांचा मेळावा भरवला. डॉक्टरांनी बाईंना चार शब्द बोलायला सांगितलं. बाई व्यासपीठावर गेल्या, खांदे मागे, हनुवटी वर. माइक बाजूला सारला, त्याची त्यांना कधीच गरज पडली नव्हती.

"भगिनींनो," त्या म्हणाल्या, "चढताना दुखलं आणि थांबल्यावर गेलं, तर ते जबड्यात असो, पाठीत असो, नाहीतर कुठे असो, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. घरातल्या जाणकाराला विचारत बसू नका."

आणि त्या खाली उतरल्या. सभागृहात हशा आणि टाळ्या. मग नातेवाइकांतर्फे श्री. खांबेटे यांचं नाव पुकारलं गेलं. श्यामसुंदररावांनी तयारी जय्यत केली होती. हृदय म्हणजे शेवटी एक स्नायू, इथून त्यांनी सुरुवात केली, आणि संयोजक पुढच्या वक्त्याचा हात धरून उभे राहिले तरी ते रक्तवाहिन्यांतच होते. शेवटी डॉक्टर स्वतः पुष्पगुच्छ घेऊन आले, तेव्हा ते थांबले.

परतताना रिक्षात ते म्हणाले, "जाणकार म्हणालीस ते जरा लागलं हं मला."

"लागू दे," बाई म्हणाल्या. "तुमचं हृदय मजबूत आहे."

आणि पुष्पगुच्छ त्यांच्या मांडीवर नीट ठेवून, वाऱ्याने पाकळ्या उडू नयेत म्हणून त्यावर स्वतःचा पदर घालून त्या बाहेर बघत बसल्या.